मधल्या इंजिनातली संघप्रिया

उचगावात लहानाचा मोठा झाला आणि रुळाच्या कडेला उभं राहून मालगाडीचे डबे मोजले नाहीत, असा माणूस मला दाखवा. मोजता मोजता चाळिसाच्या पुढं सगळ्यांचं चुकतं. शेजारचा म्हणतो त्रेचाळीस, आपण म्हणतो पंचेचाळीस, आणि भांडण मिटायच्या आत गार्डाचा डबा निघून जातो. संघप्रिया कुरणेचं मात्र चुकायचं नाही, कारण ती डोळ्यांनी मोजायचीच नाही. गाडीकडं पाठ करून उभी राहायची आणि सांध्यांचा खडखडाट कानानं मोजायची. पोरं चिडवायची, "हिला दिसत न्हाई काय रं?" चिडवू देत बापडी. त्या कानांनी पुढं काय केलं, तेच सांगायला बसलोय.

तिचा बाप बाळासो साखर कारखान्याला ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता. एका ट्रॅक्टरला एकामागं एक दोन ट्रॉल्या, दोन्ही उसानं टम्म भरलेल्या. शाळेला सुट्टी असली की तो लेकीला शेजारी मडगार्डवर बसवून न्यायचा. चढ संपून उतार लागतो ना, तिथं तो गप्प व्हायचा. पुढची ट्रॉली उताराला लागलेली आणि मागची अजून चढावरच. "हितंच मानसं मार खात्यात," तो सांगायचा. "नुसतं फुडं बघून चालवू नगस. मागची ट्रॉली काय म्हणत्या ते पाठीनं ऐकायचं. ती वडत आसंल तवर घाई करायची न्हाई, आन् ढकलाय लागली की लगीच बिरेक दाबायचा न्हाई." पोरगी मान डोलवायची. तिला कुठं ठाऊक होतं, की आपल्याला ही विद्या दोन ट्रॉल्यांवर नाही, एकशे सोळा वॅगनांवर वापरायची आहे.

आई शेवंताबाई गूळ मार्केटात गुळाच्या रव्यांना, म्हणजे ढेपांना, बारदान शिवायची. हात दाभणाच्या टोचण्यांनी भरलेले, तोंड त्याहून धारदार. बाळासो गेल्यावर हिनं पोरीला आयटीआयला घातलं, इलेक्ट्रिशियनच्या वर्गात. वर्गात तेवीस पोरं आणि ही एकटी. वस्तीतली माणसं म्हणाली, "शेवंता, पोरीला शिलाई तरी शिकीव." शेवंताबाई म्हणाली, "शिलाई मी करतोय न्हवं जल्मभर. एका घरात एक बास झाली." पुढं संघप्रियानं रेल्वेची परीक्षा दिली, असिस्टंट लोको पायलट झाली, पाच वर्षांनी स्वतः मालगाडीची लोको पायलट झाली. ज्या दिवशी ऑर्डर आली त्या दिवशी शेवंताबाईनं विहारात मेणबत्ती लावली आणि घरी येऊन पोरीला म्हणाली, "आता गाडी नीट चालीव, वस्तीचं नाव हाय." झालं, एवढंच कौतुक.

आता गाडीचं थोडं सांगायला पाहिजे. जड काही नाही, घाबरू नका.

नेहमीच्या मालगाडीला अठ्ठावन्न वॅगना असतात. पण रूळ तेवढेच आणि माल वाढलेला, म्हणून रेल्वेनं दोन गाड्या एकीला एक जोडून एकच लांब गाडी करायला सुरुवात केली. एक इंजिन सगळ्यात पुढं, दुसरं बरोब्बर मधोमध. अशी गाडी दीड किलोमीटर लांब होते. तिचं तोंड स्टेशनात पोचलं तरी शेपूट मागच्या गावाच्या ओढ्यावर असतं. दोन्ही इंजिनांत माणसं. पुढचा पायलट सिग्नल बघणार आणि वॉकीटॉकीवर मधल्याला सांगणार, "मधलं, वाढीव," "मधलं, सोड," म्हणजे इंजिनाचा जोर वाढव, जोर काढून घे. मधल्यानं ऐकायचं, करायचं, आणि केलं म्हणून उलट कळवायचं.

पुढचं इंजिन सीनियर माणसाला आणि मधलं उरलेल्याला, अशी वहिवाट. संघप्रिया वयानं लहान, त्यात बाई. तिच्या वाट्याला मधलं आलं आणि नऊ वर्षं मधलंच राहिलं.

मधल्या इंजिनात बसणं म्हणजे काय, ते बसल्याशिवाय कळत नाही. समोरच्या काचेतून दिसते फक्त पुढच्या वॅगनची पाठ. मागं बघावं तर वॅगनचं तोंड. सिग्नल नाही, स्टेशन नाही, फाटकावर हात हलवणारी पोरं नाहीत. कोळशाची भुकटी मात्र भरपूर. आणि गाडी थांबली की पुढचं इंजिन स्टेशनापाशी, मधलं पाऊण किलोमीटर मागं बाभळीच्या रानात. तिथं ना पाणी, ना आडोसा, ना माणूस. चहावाल्याची किटली पुढच्या इंजिनापर्यंत जायची आणि तिथूनच परत फिरायची.

पुढच्या इंजिनात बहुतेक वेळा असायचे हंबीरराव. राधानगरीकडचा माणूस, भातशेतीच्या चिखलातनं उठून रेल्वेत आलेला, उचगावात घर बांधून राहिलेला. छाती पुढं, मिशी वर, बोलणं असं की वॉकीटॉकी नसती तरी मधल्या इंजिनापर्यंत पोचलं असतं. सगळे त्यांना तात्या म्हणत. तात्यांचा लौकिक मोठा. लांब गाडीचं सगळ्यात मोठं भय म्हणजे गाडी तुटणं. झटका बसला की दोन वॅगनांमधलं कपलिंग तुटतं, अर्धी गाडी पुढं आणि अर्धी मागं. भल्याभल्यांच्या तुटल्या होत्या. तात्यांची पंधरा वर्षांत एकदाही तुटली नव्हती. लॉबीत, म्हणजे जिथं ड्युटी घेतात त्या खोलीत, नवे पायलट आले की साहेब लोक तात्यांकडं बोट दाखवायचे.

माणूस मनाचाही मोठा. स्टेशनात चहा आला की आधी वॉकीटॉकी उचलायचे. "मधलं, चहा घेतलास काय?"

"घेतला की, तात्या," बाभळीच्या रानातून संघप्रिया म्हणायची.

काय करणार? नाही म्हणावं तर ते चहावाल्याला पाऊण किलोमीटर पिटाळणार, तोवर सिग्नल होणार, गाडी निघणार, आणि चहावाला दीड किलोमीटरची पायपीट करून शिव्या देत परत येणार. त्यापेक्षा घेतला म्हटलेलं बरं. असा हा नऊ वर्षांचा चहा.

पण तिनं तात्यांपासून लपवलेली गोष्ट चहापेक्षा मोठी होती.

त्या मार्गावर एक जागा आहे. तांबडी खिंड म्हणतात तिला. लांब चढ, चढाच्या माथ्यावर मुरमाचा डोंगर फोडून काढलेली वळणदार खिंड, आणि खिंड संपली की लगेच उतार. म्हणजे पुढचं इंजिन खिंडीतून बाहेर पडून उताराला लागतं, तेव्हा मधलं खिंडीत शिरत असतं आणि मागच्या अठ्ठावन्न वॅगना अजून चढावर लोंबकळत असतात. बाळासोच्या दोन ट्रॉल्यांचीच गत, फक्त शेकडो पटीनं जड.

संघप्रिया मधल्या इंजिनात बसून पहिल्यांदा त्या खिंडीत शिरली आणि वॉकीटॉकी मेली. तात्यांचा आवाज "मधलं..." एवढा आला आणि पुढं नुसती खरखर. मधे डोंगर आला होता. नियम स्पष्ट होता: आवाज तुटला की शक्ती सोडायची, गाडी थांबवायची, कळवायचं. पण तिच्या पाठीला मागच्या वॅगनांची ओढ लागत होती. आत्ता सोडलं तर मागचा सगळा भार एका सांध्यावर येणार आणि तो सांधा तुटणार, हे तिला कानानं कळत होतं. तिनं सोडलं नाही. कपलिंगांची कुरकुर ऐकत ऐकत, मागची ओढ ढिली होईल तसतसं इंजिनाच्या जोराची एकेक पायरी कमी करत, ती खिंडीतून बाहेर पडली. बाहेर येताच आवाज जिवंत झाला, आणि ती घाईनं म्हणाली, "सोडला, तात्या."

"शाब्बास," तात्या म्हणाले. "जसं सांगिटलं तसं केलंस. फकस्त जरा लवकर बोलत जा."

तात्यांनी काय सांगितलं होतं, यातला एक शब्दही तिला ऐकू आला नव्हता. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण नवी बढती, नवी जागा, आणि नियम मोडलेला. त्यात "तात्या, तुमचा आवाज पोचला न्हाई" म्हणावं तर ऐकणारा म्हणणार, बाई घाबरली आणि आता कारणं सांगतेय. ती गप्प बसली. दुसऱ्या खेपेला तसंच झालं, तिसऱ्या खेपेला तसंच. मग सवयच पडली. खिंड आली की तात्या पुढं हुकूम देत राहायचे, आणि संघप्रिया मागं आपल्या मनानं चालवायची. तात्या लॉबीत हसून सांगायचे, "आमच्या मधल्याला बोलायचा कटाळा लई. पर हुकूम तंतोतंत पाळती." नऊ वर्षं.

मग गेल्या वर्षी नवी यंत्रणा आली. मधल्या इंजिनात माणूसच नको. पुढच्या इंजिनात एक पडदा बसवला. तिथं पायलटनं कळ फिरवली की रेडिओवरून निरोप जाणार आणि मधलं रिकामं इंजिन आपलं आपण वाढवणार, सोडणार. निरोप तुटला तर पडद्यावर लाल दिवा लागणार, आणि मधलं इंजिन शेवटचा मिळालेला हुकूम धरून बसणार. आणि पुढच्यानं ब्रेक लावल्याचं हवेच्या नळीतून कळलं, की एकदम शक्ती सोडून देणार. यंत्र म्हणून झकासच, उगाच नावं ठेवत नाही. संघप्रियाला मधल्या इंजिनातून काढून साध्या एकेरी गाडीवर पुढं बसवलं, आणि लांब गाडी एकट्यानं चालवायला निवडले गेले अर्थातच हंबीरराव. त्यांना निवृत्तीला सहा महिने राहिले होते.

संघप्रियाच्या मनात खिंडीचा विचार आला नाही असं नाही. आला. पण तिला वाटलं, एवढं मोठं यंत्र, एवढे इंजिनियर, त्यांनी डोंगर बघितलाच असणार. पहिल्या दोन खेपा रिकाम्या गाड्यांच्या होत्या, त्या सुखरूप गेल्या. रिकामी गाडी हलकी, तिचे सांधे निरोप तुटला तरी सोसून घेतात. तिसरी गाडी कोळशानं भरलेली होती. तांबड्या खिंडीच्या माथ्यावर तात्यांच्या पडद्यावर लाल दिवा लागला, तात्यांनी नियमाप्रमाणं ब्रेक लावला, मधल्या इंजिनानं एकदम शक्ती सोडली, आणि मागच्या अठ्ठावन्न वॅगनांनी एकच हिसका दिला. पंधरा वर्षांत न तुटलेली गाडी तुटली.

कुणाला लागलं नाही. तुटलेल्या गाडीला ब्रेक आपोआप लागतात, तशी ती जागच्या जागी उभी राहिली. पण मार्ग पाच तास बंद पडला आणि चौकशी बसली. तात्या म्हणाले, आधी लाल दिवा लागला, मग गाडी तुटली. चौकशी करणारे साहेब म्हणाले, यंत्राच्या नोंदीत दोन्ही एकाच मिनिटाला आहे. तुम्ही झटका दिला, गाडी तुटली, म्हणून निरोप तुटला. आणि मग साहेबांनी साधाच प्रश्न विचारला. "पंधरा वर्षं तुम्ही त्याच खिंडीतून मधल्या इंजिनाशी बोलत होता. तिथं कधी निरोप तुटला होता?"

हंबीरराव खोटं बोलणारा माणूस नव्हे. ताठ उभं राहून म्हणाले, "न्हाई साहेब. एकदाबी न्हाई."

त्या एका खऱ्या उत्तरानं त्यांचा निकाल लागला. चूक त्यांची ठरली. अंतिम कागद निघायला पंधरा दिवस होते, पण तोवर त्यांना मोठ्या मार्गावरून काढून यार्डात वॅगना इकडून तिकडं ढकलायला लावलं. निवृत्तीला राहिले होते तीन महिने. ज्या माणसाकडं बोट दाखवून नव्यांना शिकवायचे, त्याच्याकडं आता नवे चोरून बघायला लागले.

संघप्रियाला हे लॉबीत कळलं. घरी आली आणि आईला सगळं सांगितलं, चहासकट. शेवंताबाई भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही. "म्हंजे तू खोटं बोललीस म्हणून त्यो खोटा पडला."

"मी कुटं खोटं बोल्लो? गप्प बसलो."

"येकच की," शेवंताबाई म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी संघप्रिया तात्यांच्या घरी गेली. झुंबरबाईंनी, म्हणजे तात्यांच्या मालकिणीनं, दार उघडलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बरं झालं आलीस. जेवण धड न्हाई, बोलणं धड न्हाई. मिशीला तेल लावायचंबी सोडलंय." तात्या घरामागच्या परड्यात गवती चहाच्या ताटव्याजवळ खुर्ची टाकून बसले होते. संघप्रिया समोरच्या कट्ट्यावर बसली आणि तिनं एका दमात सांगून टाकलं. खिंडीत आवाज येत नव्हता. कधीच येत नव्हता. ती आपल्या मनानं चालवत होती.

तात्यांनी गवती चहाचं एक पातं तोडलं आणि बोटाला गुंडाळलं. म्हणाले, "मग मी काय चालवत हुतो?"

"फुडचं अर्धं, तात्या."

"आन् ते लोक म्हणायचे, हंबीररावाची गाडी तुटत न्हाई." ते स्वतःशीच हसल्यासारखं करून म्हणाले. "ती तुझी तुटत नव्हती."

"मी उद्या साहेबांस्नी सांगतो," संघप्रिया म्हणाली. "तुमच्यावरला ठपका जाईल."

"नगस सांगू." तात्यांनी मान वर केली. "ऐक माझं. येक डाव गाडी तोडली म्हणू देत मला. म्हातारा झाला, हात चुकला, म्हणतील आन् इसरतील. पर पंधरा वर्षं ह्यो नुसता वराडत हुता आन् गाडी दुसरंच कोन चालवत हुतं, असं लॉबीत हसतील, ते मला सोसायचं न्हाई. तुला माझी आण हाय."

आता करायचं काय? सांगावं तर तात्यांचा ठपका जातो आणि लौकिकही जातो. न सांगावं तर लौकिकाला एकच डाग लागतो, पण खोटा. आणि सांगितलं तर तिच्यावरही नऊ वर्षं नियम मोडल्याची चौकशी बसणार, नोकरीचं काय होईल देव जाणे. गप्प बसण्यात तिचा फायदाच होता आणि तात्यांचीही तीच मर्जी होती. दुसरी कोणी असती तर सुटले म्हणाली असती.

संघप्रिया चार दिवस तळमळली. पाचव्या दिवशी एकेरी गाडी घेऊन त्याच खिंडीतून जाताना तिनं पाहिलं, की माथ्यावर रुळाच्या कामाची माणसं बाजूला सरून उभी आहेत. आठ माणसं, त्यात दोन बाया, हातात घमेली. त्यांनी हात केला. पुढच्या सोमवारी पुन्हा भरलेली लांब गाडी यायची होती, दुसऱ्या कुणा पायलटच्या हाताखाली. त्याला खिंडीचं कोण सांगणार? एकदा कपलिंग तुटून भागलं. दर वेळी भागेल असं थोडंच आहे. ड्युटी संपवून ती सरळ साहेबांच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिली.

"साहेब, तांबड्या खिंडीत निरोप जात न्हाई. वॉकीटॉकीचा जात नव्हता, यंत्राचाबी जाणार न्हाई. हंबीररावांनी दिवा आधी लागला म्हणून सांगितलं, ते खरं हाय."

साहेबांनी चष्मा काढला. "ते तर म्हणतात, एकदाही तुटला नाही."

"त्यांस्नी म्हाईत नव्हतं. मी कळू दिलं न्हाई."

"मग नऊ वर्षं त्या खिंडीत गाडी चालवली कुणी?"

"अर्धी त्यांनी, अर्धी मी."

साहेब माणूस कडक, पण हाडाचा रेल्वेवाला. त्यांनी ओरडण्याआधी मधल्या इंजिनांवर काम केलेल्या बाकीच्यांना बोलावलं. बोलावताना मात्र एवढंच म्हणाले, "मी खिंडीचं विचारतोय, नियमाचं नाही." तेव्हा कुठं एकेकाची मान खाली जाऊन तोंड उघडलं. पिराजी म्हणून एक पायलट होता, तो म्हणाला, "आमी पण तसंच करत हुतो साहेब. कुणी इचारलंच न्हाई कधी." बघा म्हणजे. मधल्या इंजिनात बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असलेली गोष्ट पुढच्या इंजिनात बसणाऱ्या एकालाही ठाऊक नव्हती.

साहेबांनी सोमवारची गाडी थांबवली नाही. पण तिचा पायलट बदलला. संघप्रियाला म्हणाले, "तुला एवढं कळतं तर तूच काढून दाखव. मी शेजारी बसतो. निघाली अखंड तर त्यांचा ठपका खोडतो, तुझंही बघू. तुटली, तर दोघांचंही माझ्या हातात राहणार नाही."

ही बातमी तात्यांना कळायची ती कळलीच. संघप्रियाला वाटलं होतं, आता ते आपलं तोंड बघणार नाहीत. तिनं त्यांची आण मोडली होती. सोमवारी सकाळी ती लॉबीत आली तर तात्या साहेबांपुढं उभे. मिशीला तेल लावलेलं. तिच्याकडं न बघता साहेबांना म्हणाले, "आज मधल्या इंजिनात मला बसू द्या. हात लावणार न्हाई कशाला. नुसता बसतो. जल्मात तिथं बसलेलो न्हाई."

साहेबांनी परवानगी दिली. तात्या वॉकीटॉकी घेऊन खडीवरून चालत मागं गेले. संघप्रिया पुढच्या इंजिनात चढली. मागं एकशे सोळा वॅगना, कोळशानं भरलेल्या, आणि मधे मिशीवाला म्हातारा.

चढ लागेपर्यंत सगळं सरळ. साहेब पडद्याकडं बघत होते, संघप्रिया समोर बघत होती पण ऐकत होती पाठीनं. तिनं रात्रंदिवस एकच हिशेब मांडला होता. खिंडीत गेल्यावर मधल्याला सांगता येत नाही, तर खिंडीच्या आधी सांगायचं. निरोप तुटल्यावर मधलं इंजिन शेवटचा हुकूम धरून बसतं ना? मग शेवटचा हुकूमच असा द्यायचा, की खिंडभर पुरेल. फार जोर दिला तर माथ्यावरून पुढच्यांना ढकलेल, कमी दिला तर मागचे लोंबतील. किती द्यायचा, ते कुठल्याही पुस्तकात नव्हतं. ते नऊ वर्षांत तिच्या पाठीत साठलेलं होतं.

माथा जवळ आला. तिनं मधल्याची कळ तीन पायऱ्या खाली घेतली आणि सोडून दिली.

"एवढ्या लवकर?" साहेब म्हणाले.

"व्हय साहेब."

पुढचं इंजिन खिंडीतून बाहेर पडलं, उताराला लागलं. थोड्याच वेळात पडद्यावर लाल दिवा लागला. नियमानं ब्रेकवर जाणारा साहेबांचा हात अर्ध्यावर थांबला. संघप्रियानं ब्रेकच्या दांड्याला हात लावला नाही. फक्त स्वतःच्या इंजिनाचा वेग चुचकारत धरून ठेवला आणि डोळे मिटले. मागं दूरवर सांध्यांचा आवाज येत होता. ओढलेले सांधे एकेक करून ढिले पडत होते, खट्, खट्, माथ्यावरून उतरणाऱ्या माणसाच्या गुडघ्यांसारखे. ती मोजत होती. चाळीस. पंचेचाळीस. छप्पन्न. सत्तावन्न. अठ्ठावन्न.

दिवा हिरवा झाला. मधलं इंजिन खिंडीतून बाहेर आलं होतं. तिनं कळ पुन्हा हातात घेतली आणि मागच्या अर्ध्या गाडीला हळूहळू माथ्यावरून उतरवलं. दोन मिनिटांनी शेवटून गार्डसाहेबांचा आवाज आला, गाडी पूर्ण आहे म्हणून. साहेबांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली आणि एवढंच म्हणाले, "हे तू लिहून दे. कुठं, किती, कधी. सगळ्यांना शिकवायला लागेल." तिला एकदम बाळासोची आठवण आली आणि काचेतला सिग्नल जरा पुसट दिसायला लागला.

वॉकीटॉकीवर मात्र मधल्या इंजिनातून काहीच आलं नाही. ना शाब्बास, ना शिवी. पुढच्या स्टेशनात गाडी थांबेपर्यंत तिच्या जिवाला घोर. तात्यांनी मनावर घेतलं असणार. चहावाला आला, साहेबांनी चहा घेतला, तिच्याही हातात कप दिला. तिला तो जाईना. उतरून ती खडीवर उभी राहिली आणि गाडीच्या कडेनं मागं बघत राहिली.

पाऊण किलोमीटर अंतरावरून, बाभळीच्या रानातून एक माणूस चालत येत होता. भर दुपारचं ऊन, खडीवर पाय सरकत होते, मधेच थांबून वॅगनला हात टेकत होता. जवळ आला तेव्हा कपडे कोळशानं काळे झालेले, मिशीसुद्धा काळी, आणि डोळे लाल. संघप्रियाच्या पुढं येऊन तात्या उभे राहिले. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण शब्द जवळून ऐकावा लागला.

"काय दिसत न्हाई गं तिथनं."

"न्हाई तात्या."

"खिंडीत माझ्याच हातातल्या वॉकीटॉकीवर तुला हाका मारल्या. चार डाव." त्यांनी तिच्या हातातल्या कपाकडं बघितलं, मग मागं बाभळीच्या रानाकडं बघितलं. "आन् गाडी थांबल्यावर वाट बघत बसलो, आता किटली यील, मग यील. तिथं चहाबी येत न्हाई की."

संघप्रियानं कप पुढं केला. तात्यांनी तो घेतला नाही. दोन्ही हातांनी तिच्याकडंच परत ढकलला.

"नऊ वर्षं घेतला म्हणून सांगत हुतीस," ते म्हणाले. "आता माझ्यासमोर पी."